वह्या नंतर वाटा, आधी बिल द्या

कुठल्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. मधल्या गुळगुळीत पानांवर एक फोटो हमखास सापडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात नवं कोरं दप्तर, मागे कंपनीच्या नावाचा फलक आणि बाजूला सरपंचांबरोबर हसणारे साहेब. फोटोखाली परिसराशी असलेल्या नात्याबद्दल दोन गोड ओळी.

त्या फोटोबद्दल माझी तक्रार नाही. दप्तर मिळालेलं पोरगं खरंच खूश असतं. पण माझा धंदा हिशेब लिहिण्याचा, त्यामुळे असेल कदाचित, मी फोटो पाहून झाला की मागची पानं उलटते. जिथे अक्षर बारीक होत जातं आणि वाचणारेही कमी होत जातात, तिथे. ताळेबंदाच्या टिपांमध्ये एक छोटासा तक्ता असतो : सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किती रक्कम देणं आहे, त्यातली किती मुदत उलटून गेलेली आहे आणि त्यावर व्याज किती झालं. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने हा तपशील देणं बंधनकारक केलंय. २०२१-२२ पासून तर ही देणी किती जुनी आहेत तेही दाखवावं लागतं. गंमत म्हणजे त्यातला पहिलाच रकाना आहे 'एक वर्षाच्या आत'! ज्या बिलाला कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवस दिलेत, ते पन्नासाव्या दिवशी दिलं काय आणि तीनशेव्या दिवशी दिलं काय, बसणार एकाच रकान्यात.

तरीही सांगते, कंपनीचं आजूबाजूच्या गावाशी नातं कसं आहे हे मला दप्तराच्या फोटोपेक्षा या तक्त्यात जास्त कळतं. का, ते जरा सविस्तर लिहिते.

मी भोसरी भागातल्या पाच-सहा लहान वर्कशॉपची पुस्तकं लिहिते. त्यातलं एक आमच्या दादाचं. (घरच्या मंडळींना ही गोष्ट पाठ आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद वगळला तरी चालेल!) दादा १९८० च्या दशकात एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस होता. मुदत संपली तेव्हा कायम नोकरी मिळाली नाही, पण तिथल्याच एका साहेबांनी सांगितलं, "एक लेथ टाक, काम मी देतो." आणि दिलं. ड्रॉइंग कंपनीचं, लोखंड कंपनीचं, मापं तपासायचे गेजसुद्धा सुरुवातीला कंपनीचेच. दादाने द्यायची ती फक्त मेहनत आणि विजेचं बिल. पुढच्या तीन महिन्यांत किती नग लागतील याचा कागद आधी हातात पडायचा, आणि पैसे ठरलेल्या तारखेला. त्या कंपनीने आमच्या गल्लीत कधी वह्या वाटल्याचं मला आठवत नाही. पण त्या एका शेडवर आज नऊ घरं चालतात.

ही एकट्या दादाची गोष्ट नाही, अख्ख्या पिंपरी-चिंचवडची गोष्ट आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डीला बजाज आणि १९६६ साली टेल्को. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांबद्दल जुनी माणसं अजून बोलतात. त्यांनी उजाड माळावर झाडं लावली, तळं केलं, ते तर आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पुण्यात ट्रक बनवण्याआधी त्यांनी माणसं शिकवण्याची आणि यंत्रं-साचे बनवण्याची सोय उभी केली. अशा मोठ्या कारखान्यांत शिकून तयार झालेले हात सगळे त्याच कारखान्यांत राहिले नाहीत. कितीतरी बाहेर पडले, भोसरीत, चिंचवडमध्ये भाड्याच्या शेडमध्ये एखादं जुनं मशीन टाकून बसले. खेड्यांचं शहर झालं ते अशा शेडमधून. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका.

त्याहून जुनं उदाहरण हवं तर किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. १९१० साली तिथे कारखाना आणि वस्ती दोन्ही एकदमच सुरू झाली. कारखाना बनवत काय होता? लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, पुढे पंप. म्हणजे आजूबाजूच्या शेतकऱ्यालाच लागणाऱ्या वस्तू. लोखंडाने जमिनीला विष होतं अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकायचा तर त्याच्याशी बोलावंच लागणार. ओतकाम, फिटिंग, जोडारी असली कामं आसपासच्या खेड्यांतल्या माणसांनी तिथे शिकून घेतली. मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, आणि त्यातून पुढे आपल्या आजी-आजोबांनी आवडीने वाचलेली मासिकं उभी राहिली. सामाजिक बांधिलकीचं वेगळं खातं नव्हतं, वेगळे अधिकारी नव्हते. धंदाच असा होता की तो नीट करायचा तर गावाला बरोबर घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पण किर्लोस्करवाडीचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. मालक चांगला म्हणून गाव चांगलं, ही व्यवस्था मालक चांगला असेपर्यंतच टिकते. सगळ्यांचा मालक लक्ष्मणराव नसतो. म्हणून कायदा लागतो. आणि कायदा आहे, एक सोडून दोन आहेत. ते दोन शेजारी ठेवून पाहिले की माझा मुद्दा कळेल.

पहिला, २०१३ चा कंपनी कायदा. कलम १३५. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. जिथे कारखाना आहे त्या परिसराला प्राधान्य द्यायचं, असंही त्यात म्हटलंय. हेच ते सीएसआर. याचा अहवाल होतो, समिती होते, फलक लागतो, फोटो निघतो. शिल्लक राहिलेले पैसे ठरावीक निधीत किंवा खात्यात भरावे लागतात, त्यामुळे आता चालढकलही फारशी करता येत नाही.

दुसरा, वर सांगितलेला २००६ चा. लहान पुरवठादाराचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर करारात ठरलेल्या दिवशी, पण ४५ दिवसांच्या आत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही दर महिन्याला आकारून. न दिल्यास राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाता येतं आणि परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर कंपनीने आधी ७५ टक्के रक्कम भरायची. कागदावर इतका कडक कायदा मी दुसरा पाहिला नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. माल गेटमधून आत गेला की चलनावर शिक्का पडतो. कायद्याने दिवस तिथून मोजायचे. पण कंपनीच्या सिस्टीममध्ये मालाची नोंद होते आठ दिवसांनी, इन्स्पेक्शन होतं त्यानंतर आणि बिल 'पास' होतं त्याहून नंतर. पेमेंट महिन्यातून एकदाच निघतं, त्या तारखेला आपलं बिल एका दिवसाने हुकलं की पुढचा महिना. मध्येच एखादी डेबिट नोट येते, ती कसली हे विचारायला तीन फोन. अकाउंट्सवाले म्हणतात पर्चेसला विचारा, पर्चेसवाले म्हणतात स्टोअर्सला. यात कुणी दुष्ट नसतो हो! प्रत्येकजण आपापलं काम करत असतो आणि दरम्यान १२० दिवस होतात.

बरं, १२० दिवस झाले तर बिघडलं काय? साधा हिशेब मांडू. समजा एका वर्कशॉपचं महिन्याचं बिल १० लाखांचं आहे. ४५ दिवसांनी पैसे मिळत असतील तर कायम १५ लाख अडकलेले. १२० दिवसांनी मिळत असतील तर ४० लाख. म्हणजे वरचे २५ लाख कुठून तरी आणायचे. बँकेची सीसी १२ टक्क्यांनी धरली तर वर्षाचं व्याज ३ लाख. वर्षाची उलाढाल १ कोटी २० लाख, सगळा खर्च जाऊन सहा टक्के उरतात असं धरलं तर नफा ७ लाख २० हजार. त्यातले ३ लाख व्याजात गेले! चाळीस टक्क्यांच्या वर. शिवाय जीएसटी बिल केलं की देणं लागतो, पैसे हातात येवोत न येवोत. कंपनी मात्र त्या कराचं क्रेडिट आधीच घेऊन मोकळी होते. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते परत करावं लागतं, एवढंच तिच्यावर बंधन.

दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इंजिनिअर आहे. सध्या चाकणला नोकरी करतो. दादाचं वय झालं, शेड पुढे चालवायची की विकायची हा विषय घरात दोन वर्षं चालू आहे. मागच्या वर्षी मी त्याला वरचाच हिशेब दादाच्या खऱ्या आकड्यांसकट दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "आत्या, आपण कंपनीला पार्ट विकतो की कर्ज देतो?" मला यावर उत्तर सुचलं नाही. शेकडो कोटींचा नफा असलेल्या कंपनीला आठ कामगारांची शेड बिनव्याजी पैसे पुरवते, आणि त्या पैशांवर स्वतः बँकेला १२ टक्के भरते. हे उलटं गणित आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चूक आहे असंही वाटेनासं झालंय.

यातली एक गोष्ट वहिनीने परवानगी दिली म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत एका मोठ्या ग्राहक कंपनीची (नाव घेत नाही) चार महिन्यांची बिलं अडकली होती. कामगारांचा बोनस द्यायचा होता. दादाने वहिनीच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या आणि अर्धा बोनस दिला, उरलेला डिसेंबरात. त्याच सुमारास त्या कंपनीने कारखान्याजवळच्या शाळेत वह्या वाटल्या. दादाकडच्या एका कामगाराची मुलगी त्या शाळेत होती. छान जाड पुठ्ठ्याच्या वह्या होत्या, मी पाहिल्यात. त्या वह्यांबद्दल कंपनीचे आभार मानायला शाळेत पालकांना बोलावलं होतं, आणि तो कामगार अर्धा दिवस रजा टाकून गेला होता. त्याचा अर्धा बोनस त्याच कंपनीच्या कुठल्यातरी टेबलावर पडलेला होता, हे ना त्याला माहीत, ना कंपनीच्या सीएसआरवाल्या बाईंना.

म्हणून मला म्हणायचंय ते एवढंच : परिसराला मदत करायची तर परिसराचं देणं आधी द्या. घेणेकऱ्याला त्याचे पैसे वेळेवर देणं हा उपकार नाही, आणि म्हणूनच ती जास्त मोलाची मदत आहे. वह्या घेणाऱ्याला हात पसरावा लागतो, नमस्कार करावा लागतो. बिलाचे पैसे घेणारा ताठ मानेने घेतो, आणि मग पोरीच्या वह्या स्वतः विकत आणतो.

"मग तक्रार का करत नाही? कायदा आहे ना?" असं माझे नोकरीवाले नातेवाईक नेहमी विचारतात. उत्तर आपल्या भाषेत फार पूर्वीच देऊन ठेवलंय, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. २०१७ साली 'समाधान' पोर्टल आलं तेव्हापासून घरबसल्या तक्रार करता येते. व्याजासकट पैसे मिळतीलही. पण पुढची ऑर्डर? ज्याचा साठ टक्के धंदा एकाच कंपनीवर आहे तो तक्रार करतो ती बहुतेक वेळा शेड बंद करायची ठरवल्यावरच.

कायदे करणाऱ्यांनाही हे कळलं असावं. म्हणून २०२३ साली आयकर कायद्यात एक दुरुस्ती झाली, ती त्या आर्थिक वर्षाच्या, म्हणजे २०२३-२४ च्या हिशेबांपासून लागू झाली. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येणार नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरायचा. यात पुरवठादाराने तक्रार करायची गरजच नाही! मार्च २०२४ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा कंपन्यांच्या अकाउंट्समधून मला फोन आले, "मॅडम, तुमचं काही राहिलंय का?" :-) अर्थात याला दुसरी बाजूही निघाली. एका खरेदीदाराने आमच्या एका पार्टीला हळूच विचारलं, उद्यम नोंदणी रद्द करता का, म्हणजे आमच्या मागची कटकट जाईल. दुसऱ्याने काही ऑर्डर मध्यम आकाराच्या उद्योगाकडे वळवल्या, कारण मध्यमांना ही तरतूद लागू नाही. पळवाट शोधायला लागणारी हुशारी पैसे द्यायला वापरली असती तर!

ट्रेड्स नावाचीही एक सोय २०१७ पासून चालू आहे. कंपनीने ऑनलाइन बिल मान्य केलं की बँका त्यावर पुरवठादाराला लगेच पैसे देतात आणि कंपनीकडून मुदतीला वसूल करतात. २०१८ साली ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना यात नोंदणी सक्तीची झाली, २०२४ साली ती मर्यादा २५० कोटींवर आणली. पण नोंदणी करणं वेगळं आणि बिलं वेळेत मान्य करणं वेगळं. शाळेत नाव घातलं म्हणून पोरगं वर्गात बसतंच असं नाही.

आता कोणी म्हणेल, कंपनी म्हणजे काही धर्मशाळा नाही. कबूल! स्थानिक आहे म्हणून वाटेल तसला माल घ्या, असं मी म्हणत नाही. आणि 'स्थानिकांना काम द्या' या घोषणेखाली आपल्याकडे काय काय चालतं तेही मला ठाऊक आहे. भंगाराचा ठेका, कामगार पुरवण्याचा ठेका, कॅन्टीनचा ठेका, आणि तो कुणाला मिळायचा हे दमदाटीवर ठरतं. चाकण काय, रांजणगाव काय, उद्योजकांच्या संघटनांनी यावर जाहीरपणे तक्रारी केल्यात. ज्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला त्याला तिथे काम मिळावं ही मागणी रास्तच आहे. पण गेटवर गाड्या अडवून घेतलेला ठेका गावात एकाच वाड्यावर मजले चढवतो, बाकीचं गाव होतं तिथेच राहतं. काम शिकवून दिलं तर ते पसरतं. एका शेडमधून शिकलेला ऑपरेटर दहा वर्षांनी दुसरी शेड टाकतो.

दादाचा सगळ्यात चांगला ग्राहक सगळ्यात कडक होता. माल दोन शतांश मिलिमीटरने बाहेर गेला तरी परत पाठवायचे. पण त्याच दिवशी परत पाठवायचे, सोबत कारणाचा कागद असायचा, आणि तिसऱ्यांदा तीच चूक झाली तेव्हा त्यांचा माणूस शेडवर येऊन दिवसभर मशीनपाशी उभा राहिला होता. फिक्स्चर झिजलंय, हे त्याने शोधलं. कडकपणा आणि मदत यात भांडण नाही. भांडण आहे ते 'दर वर्षी तीन टक्के रेट कमी करा' असं मेल पाठवून त्यासाठी काय बदलायचं हे न सांगणाऱ्यांशी. आणि एकेका शेडला न परवडणारी गोष्ट सगळ्यांसाठी मिळून करता येते. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये लहान उद्योगांना तपासणीच्या महागड्या सोयी वापरता येतात. मोठ्या कंपन्यांनी असल्या गोष्टींना हात लावावा, तो खरा शेजारधर्म.

जवळून माल घेतल्याने काय होऊ शकतं याचं उदाहरण मराठवाड्यात आहे. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग करणारे उभे राहिले. त्यातल्याच एन्ड्युरन्सचे कारखाने आज इटली आणि जर्मनीत आहेत. म्हणून मला एका बदलाचं वाईट वाटलं. सेबीने मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना त्यांच्या सामाजिक जबाबदारीचा जो अहवाल सक्तीचा केला, त्यात आधी एक फार छान प्रश्न होता : तुमच्या कच्च्या मालापैकी किती टक्के तुमच्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आला? २०२३ च्या सुधारित नमुन्यात तिथे 'भारतातून' असं आलं. भोसरीच्या कारखान्याने तमिळनाडूतून माल आणला तरी तो आता 'स्थानिक'! चांगलं एवढंच की लहान उद्योगांकडून किती घेतलं हा प्रश्न तसाच राहिला आणि पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांनी दिले हेही आता विचारतात.

हे सगळं भावनेपोटी करा असंही माझं म्हणणं नाही. कंपनीचाही यात फायदा असतो, फक्त तो एखाद्या वाईट दिवशीच दिसतो. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व जवळजवळ सगळा तिथेच व्हायचा, आणि टोयोटा साठा ठेवत नव्हती. टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइन्स थांबल्या. तेव्हा आसपासच्या लहान-मोठ्या पुरवठादारांनी ड्रॉइंग मागवून घेतली आणि दर, करार काहीही ठरण्याआधी व्हॉल्व करायला घेतले. शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा त्यात होती. आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. नंतर टोयोटाने त्या धावपळीचा मोबदला पुरवठादारांना आपणहून दिला. आपल्याकडे अशी वेळ आली, तर १२० दिवस थांबवून ठेवलेला माणूस रात्रपाळी लावून धावून येईल का? कंपन्यांनीच आपल्या मनाशी विचारून पाहावं.

शेवटचा मुद्दा, आणि भाच्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. विजेवरच्या गाड्या वाढताहेत. इंजिनाचे, गिअरबॉक्सचे, सायलेन्सरचे भाग करणाऱ्या शेड भोसरी-चाकणमध्ये किती आहेत ते रस्त्याने एक चक्कर मारली तरी कळतं. पाच वर्षांनी कुठला भाग बंद होणार, कुठला सुरू होणार हे कंपनीच्या आतल्या लोकांना आज ठाऊक असतं. शेडवाल्याला कळतं ते शेड्यूलमध्ये शून्य आकडा आल्यावर. नवं मशीन कर्ज काढून घ्यावं की नाही हे ठरवण्यासाठी त्याला दोन वर्षांची पूर्वसूचना मिळाली तरी एक घर वाचतं. ही माहिती द्यायला कंपनीला एक रुपया खर्च येत नाही. पण व्हेंडर मीटमध्ये जेवण असतं, पुरस्कार असतात, पडद्यावर कंपनीची स्वप्नं असतात. 'तुमचा हा भाग २०२९ नंतर लागणार नाही' असं स्पष्ट सांगणारी पट्टी मात्र नसते.

असो. भाच्याने अजून निर्णय घेतलेला नाही. त्याने शेड चालवावी असं मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मी त्याला दर महिन्याला फक्त एक कागद पाठवते, कुठल्या ग्राहकाने किती दिवसांनी पैसे दिले त्याचा. दोन ग्राहक चाळीस दिवसांच्या आत देतात. एक पंच्याण्णव. एक काही विचारू नका.

आपल्या प्रत्येक घरात निदान एक जण मोठ्या कंपनीत नोकरीला आहे, आणि हे वाचणाऱ्यांत पर्चेस, स्टोअर्स, अकाउंट्समधले बरेच असतील. तुमच्यापैकी कुणाला कंपनीचं धोरण बदलता येणार नाही, हे मलाही कळतं. पण टेबलावर आलेल्या माल-पावतीची नोंद त्याच दिवशी करणं, डेबिट नोटवर कारण लिहिणं, चौथ्यांदा फोन करणाऱ्याला नेमकी तारीख सांगणं हे तुमच्या हातात आहे. सोमवारी ऑफिसला गेलात की ट्रेमधलं सगळ्यात खालचं बिल काढून बघा. कुणाचं आहे ते, आणि केव्हापासून पडलंय ते.